चिनी माकड आणि होळकरी अर्धा आणा

चीनमधल्या भावावर नजर ठेवण्याची सवय इंदूरच्या बाजाराला फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवरून मुंबईस आणि मुंबईहून जहाजांनी चीनला जात असे. हा व्यापार आपल्या हातचा नाही म्हणून कंपनी सरकारने आधी तो अडविण्याचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा १८३० नंतर पेटीमागे परवान्याचे शुल्क घेऊन माल मुंबईकडे सोडण्याचे धोरण तिने स्वीकारले. चीनमध्ये मागणी वाढल्याची वार्ता आली की इथे सौदे चढत आणि तिकडून वाईट बातमी आली की इथे दिवाळी वाजत असे. १९०७ साली हिंदुस्थान सरकार आणि चीन यांच्यात अफूची निर्यात दरवर्षी कमी करीत नेण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये हा व्यापार थांबला. इंदूरच्या सराफीच्या भरभराटीत त्या काळ्या गोळ्यांचा वाटा किती होता, हे जुन्या घराण्यांना सांगावे लागत नाही.

त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. चीनच्या भावाची चर्चा अलीकडे पुन्हा माझ्या कानी आली, ती मात्र सराफ्यात नव्हे, शाळेत. मी इंदूरच्या एका हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. विषय इतिहास. शाळेत टपाल तिकिटे जमविणारी दहा-बारा मुले आहेत आणि शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांचे वह्या-चिमटे घेऊन बसणे चालते. त्यांतल्या नववीतल्या एकाने मला विचारले, "सर, चीनच्या एका माकडाच्या तिकिटाला लाख रुपये येतात म्हणे. मग आपल्या होळकरांच्या तिकिटाला पन्नास रुपयेही का मिळत नाहीत?"

प्रश्न बालिश वाटला तरी बालिश नव्हता. तिकीट म्हणजे एक-दीड इंचाचा कागद. एका कागदाला सोन्याचा भाव आणि दुसऱ्याला रद्दीचा, असे का व्हावे? प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला सावकाशीने दिलेले उत्तर आहे.

होळकरांची तिकिटे

इंग्रजी अमलात पुष्कळ संस्थानांनी आपापली टपाल तिकिटे काढली. इंदूरचे पहिले तिकीट निघाले १८८६ साली. किंमत अर्धा आणा, रंग जांभळट, वर महाराज तुकोजीराव दुसरे यांची प्रतिमा आणि छपाई लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या कंपनीची. त्याच वर्षी जूनमध्ये तुकोजीराव निवर्तले. म्हणजे स्वतःच्या प्रतिमेचे तिकीट त्यांना जेमतेम काही महिने पाहावयास मिळाले.

पुढे १८८९ मध्ये एक साधे तिकीट निघाले. गुलाबी कागदावर काळ्या शाईने मारलेला हातशिक्का, मजकूर देवनागरीत, कडेला भोके नाहीत, पाठीला डिंक नाही. त्यानंतर शिवाजीरावांच्या प्रतिमेची कोरीव तिकिटे आली. १९०४ पासून तुकोजीराव तिसरे यांची तिकिटे लंडनच्याच पर्किन्स बेकन कंपनीने छापली आणि १९२७ पासून यशवंतराव दुसरे यांचीही. १९०५ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटांवर देवनागरीत पाव आण्याचा छाप मारून ती खपविण्यात आली. १९४० साली तर पाच रुपयांच्या तिकिटावर पाव आण्याचा छाप पडला! महायुद्ध सुरू झाले होते. पुढची तिकिटे लंडनऐवजी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापून घेण्यात आली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५० मध्ये संस्थानी तिकिटांचा काळ संपला.

एवढ्या चौसष्ट वर्षांत चार महाराजांच्या प्रतिमा, लंडन-मुंबईचे छापखाने, इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन लिप्या आणि युद्धकाळची ओढाताण, सारे काही या लहानशा कागदांवर उतरले आहे. तरीही त्यांतली नेहमीची तिकिटे जुन्या वस्तूंच्या दुकानात पाकिटात घालून स्वस्तात विकली जातात.

लाल तिकिटांची गोष्ट

आता चीनकडे वळू. तिथली पहिली तिकिटे १८७८ ची, 'मोठे ड्रॅगन' या नावाने ओळखली जाणारी. ती राजदरबाराने नव्हे, तर रॉबर्ट हार्ट या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालच्या जकात खात्याने काढली. १८९७ साली चीनची सरकारी टपाल व्यवस्था रीतसर सुरू झाली. जुने चलन जाऊन डॉलर-सेंटचा हिशोब आला. नवी तिकिटे जपानमध्ये छापावयास दिली होती, ती वेळेवर आली नाहीत. खात्याजवळ तीन सेंटची लाल रंगाची महसुली तिकिटे पडून होती. त्यांवर टपालाच्या किमतीचा छाप मारून काम भागविण्यात आले.

ही लाल महसुली तिकिटे छापली होती कोणी? लंडनच्या वॉटरलो अँड सन्सनेच! इंदूरच्या अर्ध्या आण्याचे आणि चीनच्या लाल तिकिटाचे माहेर एकच. कोरीव काम तितकेच नेटके, कागद तितकाच चांगला. नव्या किमतीचा छाप मारण्याची युक्तीही तीच, जी आठ वर्षांनी इंदूरने केली. पण लाल तिकिटांत 'लहान अक्षरांचा एक डॉलर' म्हणून एक प्रकार आहे. एक डॉलरच्या छापाची अक्षरे फार बारीक दिसतात म्हणून छपाई लगेच थांबवून अक्षरे मोठी करण्यात आली. पहिल्या थोड्या प्रती तेवढ्या बाहेर पडल्या. आज त्यांतल्या तिसाच्या आसपासच ज्ञात आहेत आणि एकेका प्रतीला लाखो अमेरिकी डॉलर पडतात.

म्हणजे भावाचे पहिले कारण दुर्मिळता. पण नुसती दुर्मिळता पुरत नाही. माझ्या आजोबांच्या हातची रोजकीर्द जगात एकच आहे, तिला कोण विचारतो? वस्तू थोड्या आणि मागणारे पुष्कळ, असे झाले तरच भाव चढतो. तेव्हा खरा प्रश्न हा, की मागणारे कोठून येतात?

आठ फेनचे माकड

याचे उत्तर चीनच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तिकिटे जमविणे हा भांडवलदारी चाळा ठरला. संग्रह जप्त झाले, कित्येकांनी भीतीने स्वतःच जाळले. त्याच काळात, नोव्हेंबर १९६८ मध्ये, 'सारा देश लाल' नावाचे तिकीट निघाले. त्यावर चीनचा नकाशा लाल रंगात होता, पण तैवान पांढराच राहिला होता. चूक ध्यानात येताच दिवसभरातच विक्री थांबवून तिकिटे परत मागविण्यात आली. काही थोडी तोवर लोकांच्या हाती गेली होती. याच विषयावरच्या मोठ्या आकाराच्या तिकिटाची एक प्रत २०१८ साली लिलावात एक कोटी अडतीस लाख युआनला गेली. ज्या काळात तिकीट बाळगणे धोक्याचे होते, त्याच काळाचे तिकीट सर्वांत महाग ठरले.

क्रांतीचा ज्वर ओसरल्यावर १५ फेब्रुवारी १९८० रोजी माकडाच्या वर्षाचे तिकीट निघाले. लाल पार्श्वभूमीवर काळे केसाळ माकड. चित्र हुआंग योंगयू या नामांकित चित्रकाराचे. किंमत आठ फेन, म्हणजे देशांतर्गत साध्या पत्राचा दर. ऐंशी तिकिटांचा पूर्ण ताव सहा युआन चाळीस फेनला टपाल कचेरीच्या खिडकीवर मिळत होता. बारा वर्षांच्या प्राणिचक्राच्या मालिकेतले हे पहिले तिकीट. छपाई लाखांत होती, पण तेव्हा साठवणारे होते कोण? छंदाला नुकती कोठे मोकळीक मिळत होती, अखिल चीन तिकीट-संग्राहक महासंघ व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. बहुतेक तिकिटे पाकिटांवर चिकटली, शिक्के खाऊन टोपलीत गेली.

पुढे मालिका चालू राहिली. कोंबडा, कुत्रा, डुक्कर, उंदीर अशी दरवर्षी एकेक भर पडत गेली आणि प्रत्येक नव्या संग्राहकाला पहिले माकड हवेसे झाले. त्यात चीनमध्ये सुबत्ता आली. २०११ च्या सुमारास एका कोऱ्या तिकिटाला दहा हजार युआनच्या वर आणि पूर्ण तावाला दहा लाख युआनच्या पुढे भाव गेला. २०१६ साली पुन्हा माकडाचे वर्ष आले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या हुआंग योंगयूंकडूनच नवे चित्र काढून घेण्यात आले आणि लोकांनी थंडीत रात्रभर रांगा लावल्या.

आणखी एक गोष्ट घडली. जुनी दुर्मिळ चिनी तिकिटे कित्येक दशके युरोप-अमेरिकेतील संग्रहांत होती. चिनी माणसाच्या हाती पैसा येताच तो लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगच्या लिलावांतून ती घरी परत नेऊ लागला. भाव वाढविला तो परक्याने नव्हे, घरच्याच माणसाने. आपला गेलेला इतिहास आपल्या घरी असावा, ही ओढ त्यामागे होती.

आणि ज्यांचे हात पोळले

पण एवढ्यावरच थांबलो तर मुलांना अर्धे सत्य शिकविल्यासारखे होईल. भावाची चढण पाहून हौशी लोकांच्या मागोमाग सटोडिये आले. चीनच्या तिकीट-बाजारात तेजीच्या अनेक लाटा आल्या. त्यांतली १९९७ ची सर्वांत गाजली. हाँगकाँग चीनला परत मिळण्याचे ते वर्ष. लोक तिकिटांचे तावच्या ताव, गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवू लागले. पाहणे, लावणे, जुळविणे काही नाही. आज घ्यायचे, उद्या विकायचे. मागणी दिसते म्हणून टपाल खात्याने छपाईही भरमसाट वाढविलेली होती. त्याच वर्षी बाजार कोसळला. त्यानंतर कित्येक वर्षे नव्वदच्या दशकातली चिनी तिकिटे छापील किमतीपेक्षाही कमी दराने विकली जात होती. लोक ती स्वस्तात घेऊन पत्रांना लावीत. मोठा परतावा देणार म्हणून घेतलेला कागद अखेर ज्या कामासाठी छापला होता त्याच कामी आला!

एवढ्याने शहाणपण आले असे नाही. २०१३ पासून तिकिटे आणि नाणी यांचे सौदे शेअर बाजारासारखे संगणकावर करणारी केंद्रे निघाली. तिकीट गोदामात आणि भाव पडद्यावर. तिथेही भाव आधी गगनाला भिडले, मग पडले आणि २०१७ मध्ये सरकारला आवर घालावा लागला. ज्या वस्तूला कोणी डोळे भरून पाहतही नाही, तिचा भाव किती दिवस टिकणार? आमच्या इंदूरने अफूच्या आणि पुढे कापसाच्या सट्ट्यात हेच पाहिले आहे.

दोन भाव आणि एक मोल

आपल्याकडेही दुर्मिळ तिकिटाला भाव येत नाही असे नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या महात्मा गांधींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा छाप मारून फार थोडी तिकिटे काढली होती. त्यांतल्या चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. तिथे दुर्मिळता होती आणि जगभर मान्य झालेले नावही होते.

होळकरी तिकिटाजवळ यांपैकी एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे हवे म्हणणारा माणूस. ज्या संस्थानचे ते तिकीट, ते संस्थान राहिले नाही. ज्यांनी ते वापरले, त्यांची नातवंडे-पतवंडे पुणे-मुंबईस किंवा परदेशी गेली. इथे राहिलेल्यांना यशवंतरावांचा माणिकबाग महाल माहीत असतो, पण त्यांच्याच प्रतिमेचे दोन पैशांचे तिकीट घरच्या ट्रंकेत आहे हे माहीत नसते. त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले, की आपल्या तिकिटाला भाव नाही याचे कारण तिकिटात शोधू नकोस, आपल्यात शोध.

मात्र भाव आणि मोल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेही मी त्याच बैठकीत दाखविले. दोन उदाहरणे चीनचीच घेतली. १९०० साली बॉक्सर बंड मोडण्यासाठी हिंदुस्थानातून फौज गेली. सैनिकांच्या पत्रांसाठी व्हिक्टोरिया राणीच्या हिंदी तिकिटांवर 'सी. ई. एफ.' अशी तीन इंग्रजी अक्षरे छापण्यात आली. चायना एक्स्पिडिशनरी फोर्सची ती आद्याक्षरे. त्याच मोहिमेसाठी आमच्या शेजारच्या ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी 'ग्वाल्हेर' नावाचे इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले आणि ते स्वतःही चीनला गेले. साम्राज्याच्या चाकरीत परक्या भूमीवर गेलेल्या आपल्या माणसांची कहाणी त्या तीन अक्षरांत आहे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले. जखमींवर शस्त्रक्रिया करीत, चिनी भाषा शिकून, तिथल्याच परिचारिकेशी लग्न करून ते त्या लोकांत मिसळून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. १९८२ साली त्यांच्या चाळिसाव्या पुण्यतिथीस चीनने त्यांच्यावर दोन तिकिटे काढली. भारताने त्यांचे तिकीट काढले १९९३ मध्ये. मराठी, कानडी आणि तेलुगू एका गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापूरचा मुलगा चीनच्या तिकिटावर आहे, ही गोष्ट सीमाभागातल्या आपल्या वाचकांना तरी सुखावेल. ही तिकिटे पुष्कळ छापली गेली, त्यामुळे ती स्वस्त आहेत. माकडाच्या एका तिकिटाच्या पैशांत कोटणिसांच्या तिकिटांनी वही भरून जाईल. पण दोहोंपैकी एकच जपावयाचे असेल, तर माझ्या विद्यार्थ्यांनी कोणते जपावे हे मला विचारावे लागत नाही.

ट्रंकेतले पत्र

हा विषय मी दिवाळी अंकासाठी घेतला, त्याला एक कारण घडले. दोन वर्षांपूर्वी जुन्या इंदुरातला एक वाडा पाडावयाचा ठरला. घर मराठी, चार पिढ्या होळकरांच्या नोकरीत. मुले बाहेरगावची. तिकिटांना भाव येतो असे कोणीतरी त्यांना सांगितले, म्हणून त्यांनी ट्रंकेतल्या सर्व पाकिटांवरची तिकिटे कात्रीने कापून काढली. व्यापाऱ्याने ती ओंजळीने उचलली आणि किरकोळ रक्कम हातावर ठेवली. मी पोहोचलो तेव्हा पत्रे रद्दीवाल्याच्या तराजूत होती, बरीचशी मोडीत लिहिलेली. पाकिटांवर चौकोनी भोके पडलेली. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेस, किती दिवसांत पत्र आले हे सांगणारे शिक्के त्या तुकड्यांबरोबर गेले होते. मला दोन पिशव्याच वाचविता आल्या.

यात गंमत अशी, की बाजाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचाच व्यवहार होता. सुटे वापरलेले साधे तिकीट स्वस्त असते. तेच तिकीट शिक्क्यासह अखंड पाकिटावर असेल तर जाणकार अधिक पैसे देतो. कारण पाकिटाला प्रवास असतो. कापलेल्या तिकिटाला तो उरत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली, तर एवढे करा. पाकिटावरचे तिकीट सोडवू नका. पाकिटातले पत्र त्याच पाकिटात राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडू नका, ओलीपासून दूर ठेवा. घरातले वडीलधारे माणूस हयात असेल तर पत्र कोणाचे, कोणाला, हे विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मोडी वाचणारे अजून आहेत, त्यांना गाठा. विकावयाचे असेल तर खुशाल विका, पण आधी दोघा-तिघांना दाखवा आणि पाकीट अखंड द्या.

आणि तिकिटांवरची अक्षरे वाचा. बिदर, भालकी, गुलबर्ग्याकडच्या घरांत निजामाच्या राज्यातली तिकिटे निघतील. त्यांतल्या कित्येकांवर किंमत उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी व तेलुगूतही छापलेली आहे. आमच्या होळकरी तिकिटांवर इंग्रजीच्या सोबतीला देवनागरी आहे. दोन-दोन, चार-चार भाषांत जगण्याची आपली रीत काही आजची नाही. पूर्वी ती टपालाने घरोघर जात असे. चिनी माणसाने आपले माकड लाखोंना परत घेतले, कारण ते त्याला आपले वाटले. आपली तिकिटे तर आपल्याच घरात आहेत, ती परत घेण्यासाठी लिलावात जावयास नको. ट्रंकेचे झाकण उघडले आणि मुलांना जवळ बसवून घेतले, तरी पुरे.